मधला खण : कुमारांच्या अद्भुत कादंबऱ्यांविषयी

पुणतांब्याच्या पोराला वाघावर बसून येणाऱ्या सिद्धाचे फारसे नवल वाटत नाही. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे आणि त्यांची गोष्ट शाळेत नाव घालण्याआधीच त्याच्या कानांवरून गेलेली असते. योगबळाने चौदाशे वर्षे काळाला हुलकावणी दिलेला योगी, खाली वाघ, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा लवाजमा. आणि समोर आळंदीला एका भिंतीवर बसलेली चार भावंडे. भिंत चालू लागते आणि योग्याचा ताठा उतरतो. चांगदेव एक की अनेक, हा अभ्यासकांचा वाद आहे. महानुभावांचे चांगदेव राऊळ वेगळे, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव गाव आपला हक्क वेगळा सांगते. गोष्टीचे त्यावाचून काही अडत नाही.

ही गोष्ट वारकऱ्यांची, आणि त्यांच्याच श्रद्धेने ती टिकली. पण क्षणभर तिच्याकडे कादंबरीच्या वाचकाच्या नजरेने पाहू. परंपरा सांगते त्याप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म १२७३चा, ज्ञानदेवांचा १२७५चा, सोपानदेवांचा १२७७चा आणि मुक्ताबाईचा १२७९चा. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले. वाळीत पडलेली ही मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला जातात आणि तिथे रेडा वेद बोलतो. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी होते तेव्हा तिचा कर्ता अवघा पंधरा वर्षांचा असतो. ज्ञानदेवांना पत्र लिहायचे तर चांगदेवांना मायना सुचत नाही. वयाने लहान आणि अधिकाराने मोठा, अशा मुलाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी ते कोराच कागद धाडतात. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे त्यावर म्हणणारी मुक्ताबाई तेव्हा फार तर पंधरा-सोळाची असेल. कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या जातात, आणि पुढे तो म्हातारा योगी गुरू करतो तो चौघांतल्या सर्वांत धाकटीला.

आईबाप नाहीत, समाज जवळ करत नाही, अंगात असाधारण शक्ती आहे, समोर वयाने आणि विद्येने दांडगा प्रतिस्पर्धी आहे, आणि सोबतीला फक्त आपली भावंडे. ‘यंग अडल्ट फँटसी’ या नावाने आज जगभर लाखांनी खपणाऱ्या कादंबऱ्यांचा सांगाडा नेमका हाच आहे. आणि रुसून झोपडीची ताटी लावून बसलेला मोठा भाऊ, बाहेर उभी राहून त्याची समजूत काढणारी धाकटी बहीण, हा ताटीच्या अभंगांमागचा प्रसंग तर कुमारवयाचे इतके अचूक चित्र आहे की आजच्या कादंबरीकाराला त्याचा हेवा वाटावा.

असे असूनही तेरा ते सतरा वयाच्या मराठी वाचकासाठी अद्भुत कादंबरी शोधायला निघा. गावच्या एखाद्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात जा. एक कपाट बालविभागाचे असते. त्यात पऱ्या, राक्षस, इसापनीती, अकबर-बिरबल. दुसरे कादंबऱ्यांचे. तिथे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी असतात आणि त्यांच्या प्रती इतक्या हाताळलेल्या असतात की दोनदा बांधून घेतलेल्या, जाड पुठ्ठा, कापडी पाठ, वर शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, आणि पुष्कळदा शेवटचे पान गळालेले. (भयकथेचे शेवटचे पान गहाळ असणे हा वाचकावरचा एक स्वतंत्र अघोरी प्रयोग आहे.) तिसरे कपाट धार्मिक ग्रंथांचे. त्यात ‘नवनाथ भक्तिसार’ हटकून असतो. आठवीतला मुलगा या तीन कपाटांच्या मध्ये उभा असतो. पहिले त्याला पोरकट वाटते, दुसऱ्याला हात लावला की ग्रंथपाल चष्म्यावरून बघतात आणि तिसरे उघडायला आधी आंघोळ करावी लागते. त्याच्या हक्काचा खण कुठल्याच कपाटात नाही. तो रिकामा का राहिला आणि अलीकडे कशाकशाने भरू लागला आहे, याचा शोध हा या पुस्तकाचा विषय आहे. या प्रस्तावनेत मी फक्त आजूबाजूची कपाटे दाखवतो.

कुमारवयीन वाचक हा वेगळा गिऱ्हाईक आहे, हे जगालाही तसे उशिराच उमगले. १९६७ साली एस. ई. हिंटन या अमेरिकन मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली. लिहायला घेतली तेव्हा ती शाळेतच होती. कुमारांच्या कादंबरीचा आधुनिक हिशेब साधारण तिथून मांडतात. तिच्यात जादू नव्हती, टोळ्या आणि मारामाऱ्या होत्या. अद्भुताची वाट जुनी आणि वेगळी. ऑक्सफर्डला जुन्या भाषा शिकवणाऱ्या टोल्कीन यांचा ‘हॉबिट’ १९३७चा, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५चे. त्यांच्याच मित्राची, सी. एस. लुइस यांची, नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळातली. या दोघांनी दोन घराणी घालून दिली. टोल्कीनच्या घराण्यात आपण पहिल्या पानापासून दुसऱ्याच जगात असतो. त्या जगाला स्वतःचा नकाशा, इतिहास, भाषा असते. लुइसच्या घराण्यात आपल्या साध्या घरातले एक कपाट उघडते आणि पलीकडे बर्फ पडत असतो. टोल्कीन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात एक गोष्ट ठासून सांगितली होती: परीकथा मुलांच्या खोलीत जाऊन पडल्या तो अपघात आहे, मुळात त्या मोठ्यांच्याच. हे वाक्य मराठीच्या बाबतीत किती लागू पडते ते पुढे येईलच.

तिसरे घराणे मला सर्वांत जवळचे आहे. १९६८ साली अर्सुला ले ग्विन यांनी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहिले. बेटांवरचा एक तांबूस-काळ्या वर्णाचा गुराखी मुलगा जादूगारांच्या शाळेत जातो आणि घमेंडीत नको तो मंत्र म्हणून एक सावली मोकळी सोडतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या सावलीपासून पळणे, आणि मग उलट फिरून तिचाच पाठलाग करणे. शत्रू बाहेरचा नाहीच. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी जी भीती वाटते तिला इतके नेमके रूप दुसऱ्या कुणी दिलेले मला माहीत नाही. जादूची शाळा पुढे जे. के. रोलिंग यांनी जगाच्या घराघरांत नेली. हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली. वसतिगृह, सामने, परीक्षा आणि सर्वनाश यांचे ते मिश्रण कुणालाही सोडवत नाही. तरी ले ग्विन वाचलेल्याला रोलिंगबाईंची जादू थोडी सोयीची वाटते. अर्थसीत प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते, हॉग्वर्ट्समध्ये बहुधा फक्त घराचे गुण कापले जातात.

बाकीचे भराभर सांगतो. २००५ साली स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ आली आणि पिशाच्च प्रियकर झाले. ती मालिका मला रटाळ वाटली, पण या संग्रहातल्या दोन लेखिकांचे मत माझ्या अगदी उलट आहे आणि त्यांनी ते हिरिरीने मांडले आहे. त्याच वर्षी रिक रायर्डन यांनी ग्रीक देवांची पोरे अमेरिकेतल्या शाळांत आणून बसवली. २००८ मध्ये सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ने जादू काढून टाकून भविष्यातली हुकूमशाही आणली. गेल्या पंधरा वर्षांतली खरी घडामोड मात्र वेगळीच आहे. नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ (२०११) नायजेरियात घडते. टोमी अडेयेमी यांची ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ (२०१८) योरुबा दैवतांवर उभी आहे. रोशनी चोक्शी यांच्या ‘आरू शाह’ मालिकेत पांडव अमेरिकेतल्या मुली होऊन जन्म घेतात. म्हणजे ज्यांच्या घरात देव, पितर, भुते अजून राहायला आहेत, त्यांनी लेखणी हातात घेतली. इथे आपला संबंध येतो.

आपल्याकडचा साठा काही कमी नव्हता. गुणाढ्याच्या बृहत्कथेची दंतकथा घ्या. सातवाहनाच्या दरबारात, म्हणजे याच गोदावरीच्या काठी प्रतिष्ठानला, त्याचा ग्रंथ हीन भाषेतला म्हणून नाकारला गेला. मग तो रानात बसून एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. उरला तो सात भागांतला एक. त्या उरलेल्यातून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ आला आणि त्याच्या पोटात विक्रम-वेताळ. मराठी मुद्रणाच्या पहाटेलाच, १८१४ मध्ये, श्रीरामपूरच्या (बंगालातल्या, आमच्या शेजारच्या नव्हे) छापखान्यातून ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. १८१९ च्या सुमारास मालू नरहरीने ‘नवनाथ भक्तिसार’ चाळीस अध्यायांत रचला. मंतरलेले भस्म, एकमेकांवर सोडलेली अस्त्रे, स्त्रीराज्यात अडकलेला गुरू आणि त्याला सोडवायला निघालेला शिष्य, हे सगळे त्यात आहे. त्याचा भूगोल आमच्या पायाखालचा: गर्भगिरीचे डोंगर, कानिफनाथांची मढी, वृद्धेश्वर. टोल्कीनला नकाशा काढावा लागला. इथे एसटी जाते.

पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरीने चालायला शिकावे ते याच अद्भुतरम्य अंगणात. मग हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षात कोण घेतो’ नंतर गंभीर कादंबरीने वास्तवाशी लग्न लावले आणि अद्भुताची रवानगी करमणुकीत झाली. ते योग्यच होते असे मी म्हणेन, केशवपनाच्या काळात ड्रॅगन कुणाला सुचणार? पण त्या वाटणीत अद्भुताला जो कमीपणा आला तो आजवर पुसला गेलेला नाही. गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ ही पुस्तके इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचली आणि वाङ्मयेतिहासाने त्यांना दोन ओळी दिल्या. एका अर्थाने मराठीतली खरी ‘यंग अडल्ट’ कादंबरी हीच. कुणी तिला तसे म्हटले नाही इतकेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलांसाठी दारे उघडली. वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासून होताच. ‘चांदोबा’ मराठीत आला तो १९५२ मध्ये, आणि खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम शंकर या चित्रकाराच्या हातून महाराष्ट्राच्या डोळ्यांत कायमचा बसला. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ च्या नोव्हेंबरात निघाले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणे घडवला. भागवतांचे ऋण मोठे आहे. पण त्या पिढीच्या कुमारसाहित्याची एक अलिखित अट होती: वाड्यात भूत दिसले तर शेवटच्या प्रकरणात ते चोरांची टोळी निघालेच पाहिजे. विज्ञानकथेलाही आपण मान दिला तो तिच्या उपयोगासाठी. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ (१९७९) आले आणि कल्पनेला पदवी मिळाली. बिनपदवीची कल्पना बाहेरच उभी राहिली.

या इतिहासातली मला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट आता सांगतो. मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले, त्यातली चेटकीण पाहून सहा वर्षांची मुले किंचाळतात आणि हसतात. त्याच मतकरींनी मोठ्यांसाठी अशा गूढकथा लिहिल्या की रात्री दिवा घालवताना हात थबकतो. जी. ए. कुलकर्ण्यांनी ‘बखर बिम्मची’ लिहिली आणि ‘रमलखुणा’तला ‘इस्किलार’ही लिहिला. म्हणजे लेखणी तीच, अधिकार तोच, आणि दोन्ही काठांवर वस्ती. मधल्या पात्रात मात्र कुणी उतरले नाही. (‘बिम्म’ खरे तर मोठ्यांचेच पुस्तक आहे असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.) धारपांनी ‘समर्थ’सारखा नायक उभा केला, स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून ‘लुचाई’, ‘शपथ’ लिहिल्या. ‘शपथ’मध्ये तर बालपणीच्या मित्रांची टोळीच भीतीला सामोरी जाते. ही पुस्तके मुलांनीच सर्वांत जास्त वाचली, पण ती त्यांच्यासाठी लिहिलेली नव्हती. चोरून वाचायचे म्हणून ती गोड लागली, हेही खरे.

कुणी उतरले नाही त्याला कारण आहे आणि ते सन्मान्य आहे. महाराष्ट्र सुधारकांचा प्रदेश. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १९८९ पासून गावोगाव भूत उतरवणाऱ्यांशी झुंज घेतली, तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा प्रदेशात शिक्षकाला मुलाच्या हाती भुताची गोष्ट देताना अवघडल्यासारखे होणारच. आमच्या शाळांत हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो घेणारी माणसे मला आदरणीय वाटतात. तरीही मला वाटते, कादंबरी आणि पोथी यांत इथे गल्लत होते. पोथी विश्वास मागते. नवनाथांच्या पोथीच्या अखेरच्या अध्यायात तर कोणता अध्याय वाचल्याने काय लाभते त्याची यादीच आहे. कादंबरी असले काही देत नाही. हे खोटे आहे हे तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक, तरी चल, या करारावर ती चालते. हॅरी पॉटर वाचून कुणी मांत्रिकाकडे गेल्याचे मला माहीत नाही. उलट खोट्याशी ठरवून खेळायची सवय लागलेले पोर खरे म्हणून खपवल्या जाणाऱ्या चमत्काराकडे जरा डोळे बारीक करूनच बघते. ले ग्विन यांनी १९७४ मध्ये एका निबंधात विचारले होते की अमेरिकन लोक ड्रॅगनला का भितात, आणि उत्तर दिले होते की ज्यातून पैसा निघत नाही त्याचे त्यांना भय वाटते. आपले भय निराळे: ज्यातून बोध निघत नाही त्याचे.

मात्र सुधारकांच्या आक्षेपातला एक धागा कादंबरीकाराने सोडू नये. हॉग्वर्ट्सची चेटकीण आणि आपली चेटकीण एक नव्हे. सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. मराठीत कुणी चेटकिणीची कुमारकादंबरी लिहील त्याला हा इतिहास बाजूला सारून चालणार नाही. आपल्या भुतांना जातीही आहेत. ब्रह्मसमंध, खवीस, हडळ, आसरा या प्रत्येकामागे कोण कसे मेले आणि कुणाच्या नजरेने भूत ठरले, याचा समाजशास्त्रीय दाखला आहे. मुंजा घ्या. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो, असे लोक सांगतात. आपल्या भुतावळीतले हे पोरवयाचे भूत, आणि त्याच्यावर मराठीत एक धड कुमारकादंबरी नाही. २०२४ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला तो हिंदीत. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी. ‘तुंबाड’ (२०१८) मागे धारपांची कथा आणि श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीचे नाव आहे, भाषा पुन्हा हिंदी. २०२४ ला तो परत लागला तेव्हा पहिल्याहून जास्त गर्दी झाली, त्यात कॉलेजची पोरे पुष्कळ होती. मागणी नाही असे प्रकाशकांनी आता तरी म्हणू नये.

आणखी एक तक्रार, गावकरी म्हणून. मराठी भय जवळजवळ सगळे कोकणात घडते. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेपासून बहुतेक गोष्टी घ्या: लाल माती, माडांच्या झावळ्या, अंधारे माजघर, ओटा. हृषीकेश गुप्ते यांच्यासारखा आजचा ताकदीचा लेखक तो प्रदेश अंगात मुरवून लिहितो, त्यांची ‘हाकामारी’ वाचताना मागे वळून पाहावेसे वाटते, ते वेगळे. पण रात्री उसाच्या फडाला पाणी द्यायला गेलेल्याला बांध सापडू न देणारा चकवा, डोहातल्या साती आसरा, वेशीवरचा म्हसोबा हे सगळे गोदाकाठचे आहे. लोडशेडिंगमुळे पुष्कळदा रात्रीच वीज येते, म्हणून माणूस मध्यरात्री शेतात असतो. भीतीला याहून पक्की वास्तव चौकट कोणती हवी?

मधला खण आता भरतो आहे तो बहुतांशी बाहेरून. हॅरी पॉटर मराठीत आला, ‘हॉबिट’ मीना किणीकरांनी आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मुग्धा कर्णिक यांनी आणला. अमीश त्रिपाठींची शिवकथा भाषांतरित होऊन एसटी स्टँडच्या स्टॉलपर्यंत पोचली. त्याहून जास्त वाचन फोनवर चालते: सेमी-इंग्रजीच्या जोरावर मूळ इंग्रजी कादंबऱ्या, ‘प्रतिलिपी’ ॲपवरच्या क्रमशः भयकथा, कानात बोंडे घालून ऐकलेली पुस्तके, हिंदीत डब केलेले जपानी ॲनिमे. मुले वाचत नाहीत हे रडगाणे या पुस्तकापुरते तरी बंद ठेवावे. ती भरपूर वाचतात. आपल्या कपाटातले वाचत नाहीत.

या संग्रहात गोदाकाठच्या आणि प्रवराकाठच्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि दहावी-बारावीतल्या मुलामुलींनी गेल्या काही वर्षांत वाचलेल्या अशा कादंबऱ्यांवर लिहिले आहे. परीक्षण म्हणून ते कच्चे वाटतील. कथानकच सांगत बसणे, आवडत्या पात्राचे कौतुक न थांबणे, हे दोष आहेत आणि संपादकांनी ते मुद्दाम फारसे साफ केलेले नाहीत. पण त्यात अशा जागा सापडतात ज्या शहरी समीक्षकाला दिसल्या नसत्या. ‘द हंगर गेम्स’वरचा लेख पुणतांब्याच्याच एका मुलीचा आहे. त्या कादंबरीत देशाचे बारा जिल्हे राजधानीला माल पुरवतात. अकरावा जिल्हा शेतीचा. तिथे पिके काढणाऱ्या मजुराने त्यातले काही तोंडात टाकले तर चाबूक बसतो. कादंबरीची नायिका बाराव्या जिल्ह्याची, जगभरचे वाचक तिच्या बाजूने वाचतात. ही मुलगी ती अकराव्या जिल्ह्याकडून वाचते. २०१७ च्या १ जूनला याच गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतले गेले, शहरांकडे जाणारा भाजीपाला थांबला. तेव्हा ती पहिली-दुसरीत असेल. माल अडवला की राजधानी जागी होते, हे कॉलिन्सबाईंना तिसऱ्या खंडापर्यंत जाऊन उमगते, आमच्या गावाला आधीच कळले होते, असे तिने लिहिले आहे. अद्भुत म्हणजे पळवाट, असे ज्यांना वाटते त्यांनी हा लेख आधी वाचावा.

वगळलेले पुष्कळ आहे. चित्रकादंबऱ्या नाहीत, मालिका आणि खेळ नाहीत, मराठी विज्ञानकथेला एकच लेख मिळाला आहे. भाषांतरांच्या भल्याबुऱ्याची चर्चा अपुरी आहे. किमतीची तर झालेलीच नाही, आणि चारशे-पाचशे रुपयांचे पुस्तक दहावीतला मुलगा कसे घेणार हा प्रश्न साधा नाही. संपादकांशी माझे एका मुद्द्यावर जुळलेही नाही. नवनाथांची पोथी आणि चांगदेवांची गोष्ट यांना या यादीत जागा द्यावी की नाही, यावर त्यांच्या बैठकांत बराच खल झाला. एका शिक्षिकेचे म्हणणे असे की लोक ज्याच्यावर श्रद्धा ठेवून जगतात त्याला कादंबरीच्या रांगेत बसवणे हा भाविकाचाही अपमान आणि कादंबरीचाही. कादंबरीने आपली भुते स्वतः कमवावीत. माझे मत या प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर उघडे पडले आहे. दोन्ही बाजूंचे लेख शेजारी शेजारी छापले आहेत, आणि कबूल करायला हरकत नाही, त्या बाईंचा लेख जास्त चांगला उतरला आहे.